आखाडाची वही

१.
आषाढ लागला. आमच्याकडे जुन्नर-आंबेगावात त्याला आखाड म्हणतात. पंचांगात या महिन्यात एकादशी आहे, गुरुपौर्णिमा आहे. मित्रांच्या ग्रुपवर एकच प्रश्न आहे: 'यंदा आखाड कुणाच्या मळ्यात?'

२.
पुण्याच्या मित्राचा फोन. या वेळी बोकड नको, काहीतरी वेगळं हवं. थायलंडला जाऊन तो मगर खाऊन आलाय. दुबईत उंट झाला. यादीत शहामृग बाकी आहे. 'तुमच्याकडं काय मिळतं रे?'
पाऊस चांगलाय, म्हटलं. ये.

३.
नारायणगावच्या अलीकडे हमरस्त्यावरच्या खानावळीचा फलक, वरून खाली: ब्रॉयलर, गावरान, लाव्हा, कडकनाथ, मटण, मासवडी. बाजूला खडूनं: टर्की ऑर्डरप्रमाणे.

४.
नावांचा हिशेब.
जपानी लाव्हा भारतात आला १९७४ साली, कॅलिफोर्नियातून.
न्यूझीलंड व्हाइट नावाचा ससा अमेरिकेत तयार झाला.
टर्की मूळची मेक्सिकोकडची. इंग्रजांनी तिला तुर्कस्तानचं नाव दिलं, पोर्तुगीजांनी पेरू देशाचं.
'गावरान कुठली?' वेटरला विचारलं. 'मंचरची,' म्हणाला.

५.
चवीची चौकशी, निरनिराळ्या माणसांकडे, निरनिराळ्या वेळी.
ससा? कोंबडीसारखा.
मगर? कोंबडीसारखी.
उंदीर? कोंबडीसारखा.
कडकनाथ? मटणासारखा.
ब्रॉयलर? 'मसाला चांगला असला की लागतो.'

६.
कडकनाथ मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआचा. पिसं काळी, कातडी काळी, मांस काळं, हाडंसुद्धा काळसर. २०१८ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच सुमारास आपल्याकडे पिल्लं देऊ, अंडी परत घेऊ, अशा योजना निघाल्या. २०१९ साली अशाच एका योजनेतलं इस्लामपूरचं फसवणुकीचं प्रकरण बाहेर आलं आणि हजारो शेतकऱ्यांच्या दारात कोंबड्या राहिल्या, अंडी घेणारं कोणी राहिलं नाही. त्या दिवसांत पुष्कळ घरांनी कडकनाथ पहिल्यांदा चाखला. खाद्य परवडेना म्हणून.

७.
त्याआधी इमू. उभा राहिला तर माणसाच्या खांद्याला लागणारा पक्षी, मांस मात्र बोकडासारखं लाल. तेल, कातडी, पिसं, अंडी, सगळं विकलं जातं असं सांगत होते. २०१२ साली तमिळनाडूतल्या इमू योजना कोसळल्या आणि शेडमधले पक्षी उपाशी राहिल्याच्या बातम्या आल्या. महाराष्ट्रातही लोकांनी कर्ज काढून कुंपणं घातली होती. त्यांतले एक ओळखीचे मामा भेटले.
'चव कशी असते ओ, मामा?'
'चाखली कुठं?'
'मग विकले का?'
'घेतंय कोण?'
'मग?'
'मेले.'
कुंपण चांगलं आहे. आत आता शेळ्या आहेत.

८.
ऑस्ट्रेलियाच्या राजचिन्हावर एका बाजूला कांगारू, दुसऱ्या बाजूला इमू. तिथे दोन्ही खातात. १९३२ साली गव्हाची नासाडी करतात म्हणून इमूंवर मशीनगन घेऊन सैनिक पाठवले होते. इमू पुरून उरले.

९.
खेकडे.
मढच्या पुढे माळशेजच्या रस्त्याला, पाऊस कोसळत असताना, डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद घेतलेली एक बाई. पुढ्यात पाटी, पाटीत काळे खेकडे, त्यांवर ओला पाला. मुंबईच्या गाड्या थांबतात, फोटो काढतात, निम्म्या तशाच पुढे जातात.
धरायचे ते रात्री. पूर्वी पलिते असत, आता बॅटरी. ओढ्यात दगड उचलायचा तो आपल्या बाजूनं, म्हणजे खेकडा पलीकडे निसटतो आणि पलीकडे दुसरा उभा असतो. बिळात हात घालणाऱ्याच्या बोटांवर जुन्या खुणा असतात. जाणती माणसं अमावस्येचा खेकडा घेतात. पौर्णिमेचा पोकळ, म्हणतात.
कालवणाची रीत बाईनंच सांगितली. मोठ्या नांग्या तशाच ठेवायच्या. बारीक पाय पाट्यावर ठेचायचे, पाणी घालून वस्त्रगाळ करायचे. ते पाणी म्हणजे खरं कालवण. बाकी खोबरं, कांदा, लसूण तुमच्या ऐपतीप्रमाणे.
'आणि भाकरी नाचणीची, बाबा. गव्हाच्या चपातीला काय समजतंय त्यातलं?'

१०.
मित्रानं खेकडे घेतले. गाडीत पिशवी फाटली. ब्रेकच्या पेडलखाली एक गेला. मगर खाल्लेला माणूस ओझरच्या फाट्यापर्यंत पाय वर घेऊन बसला होता. गाडी मी चालवली.

११.
शेजारच्या वाडीतली आजी, महादेव कोळ्यांची. वय तिला ठाऊक नाही, पण धरणाआधीचं आंबेगाव तिनं पाहिलंय. ते गाव आता डिंभ्याच्या पाण्याखाली आहे. तिला विचारलं, आयुष्यात सगळ्यात विचित्र काय खाल्लं, आजी?
मला वाटलं रानातलं काहीतरी सांगेल.
'भात्तरची मिलो.'
१९७२ चा दुष्काळ. अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. 'भाकर थापली तर तुटायची, खाल्ली तर पोट धरायची. गुरांनी तोंड लावलं नसतं, लेकरा.'

१२.
कातकरी वाडीवरचा एक माणूस. भात कापून झालं की बांधातलं बीळ खणायचं. दोन गोष्टी हाती लागतात: उंदीर आणि उंदरानं साठवलेल्या लोंब्या. 'तो आमच्यासाठीच साठवतो,' म्हणाला आणि हसला. मग आवाज खाली आणून: 'हे लिहू नका. पोरांना शाळेत चिडवतात.'
नाव लिहिलेलं नाही. वाडीचंही नाही.

१३.
कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर. बाराव्या शतकात त्याच्या नावावर 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ झाला. राजानं काय भोगावं याची त्यात तपशीलवार यादी आहे. अन्नभोगात उंदीर आहेत: शेतातले, नदीकाठचे, काळे. शेपटीला धरून उकळत्या तेलात बुडवायचे म्हणजे केस निघतात, मग धुऊन, कापून शिजवायचे. कासवही आहे. त्याची चव केळ्यासारखी, असं राजाचं मत.
कोंबडीसारखी नाही, हे विशेष.

१४.
ओझरचा विघ्नहर. गाभाऱ्याकडे तोंड करून उंदीर. भाविक त्याच्या कानात इच्छा सांगतात. कानावर हात धरून, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

१५.
घोरपड. एक म्हातारबाबा सांगत होते, पूर्वी कंबर धरली की घोरपडीचा रस्सा देत. आता वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तिचं नाव आहे. मारली तर किमान तीन वर्षं, कमाल सात.
'मग आता कंबर धरली तर?'
'ब्रूफेन.'

१६.
एकादशी. आज साबुदाणा. तो ज्या कंदापासून होतो तो ब्राझीलकडचा.

१७.
सातगाव पठारावरचा बटाटा, नारायणगावच्या बाजारातला टोमॅटो, रश्श्यातली मिरची, भाजलेला शेंगदाणा: चौघेही अमेरिका खंडातून आले. चौघांनाही आम्ही गावरान म्हणतो.

१८.
लेण्याद्री. गणपती सातव्या लेण्यात, लेणी बौद्ध भिक्खूंची.
बुद्धाचं शेवटचं जेवण चुंद लोहाराकडे झालं. वाढलं ते 'सूकरमद्दव'. कोणी म्हणतात डुकराचं मांस, कोणी म्हणतात डुकरांना आवडणारी अळंबी. धर्मानंद कोसंबींनी मांस म्हटलं आणि त्यावरून मोठा गदारोळ झाला.
पायथ्याला अळंबी विकायला बसली होती. वाटा शंभराला. 'मटणाच्या वर चव,' असं विकणारीच ओरडत होती.

१९.
नाणेघाट. नागनिकेचा शिलालेख, दोन हजार वर्षांपूर्वीचा. सातवाहनांनी केलेल्या यज्ञांची यादी, अश्वमेधासकट. दक्षिणेचा हिशेब चोख: गाई, घोडे, हत्ती, नाणी. बळी दिलेल्या घोड्याचं पुढे काय केलं, ते कोरलेलं नाही.

२०.
घोड नदी भीमाशंकरच्या डोंगरातून निघते, डिंभ्याला अडते, पुढे शिरूर तालुक्यात इनामगावाजवळून जाते. तिथं डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ खोदकाम केलं. ताम्रपाषाणयुगातलं शेतकऱ्यांचं गाव. उकिरड्यात हाडं: गाय-बैल, शेळ्या-मेंढ्या, हरणं. शेवटच्या काळात पाऊस उणा झाला, शेती बसली, हरणांची हाडं वाढली.

२१.
बेल्ह्याचा बैलबाजार, सोमवार. गोवंश हत्याबंदीची दुरुस्ती विधिमंडळात मंजूर झाली १९९५ मध्ये, राष्ट्रपतींची सही झाली २०१५ मध्ये. एक म्हातारा बैल सकाळी टेम्पोतून उतरवला होता, संध्याकाळी त्याच टेम्पोत चढवत होते. चढत नव्हता.

२२.
बेल्ह्याच्या शेजारी आळे. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले, त्या रेड्याची समाधी इथं आहे. चैत्रात यात्रा भरते. रेडा गोवंशात येत नाही. ही बंदी त्याला लागू नाही.

२३.
शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म', २०१५. मराठवाड्यातल्या महार-मांग घरांतलं जेवण. त्यात चान्या आहेत: मांसाच्या लांब पट्ट्या, उन्हात वाळवून ठेवलेल्या, टंचाईच्या दिवसांसाठी. चान्या वाळत घातल्या की घर कुणाचं ते लांबून कळायचं.

२४.
पुण्यातल्या मॉलमध्ये वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्यांचं पाकीट. शंभर ग्रॅमही नाही. नाव जर्की. शब्द मूळचा क्वेचुआ भाषेतला: चार्की. पाकीट मित्रानं घेतलं.

२५.
पॅरिस, १८७०. शहराला वेढा पडला. प्राणिसंग्रहालयातले कॅस्टर आणि पोलक्स हे दोन हत्ती मारून खाटकाला विकले. सोंडेला सगळ्यात जास्त भाव आला. उंदीरही विकले जात होते. हॉटेलांनी त्यासाठी वेगळे सॉस केले.

२६.
जुन्नर वनविभागातला बिबट्या उसात जन्मतो. डोंगर ओलांडला की अकोले तालुका. तिथं विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याची विष्ठा तपासून त्याचा आहार मांडला. ८७ टक्के पाळीव किंवा वस्तीतले प्राणी. त्यांत कुत्री एकटी ३९ टक्के. शेळ्या कुत्र्यांच्या सातपट असूनही ११ टक्के, कारण शेळी रात्री गोठ्यात बांधतात. याखेरीज मांजरं, डुकरं, घुशी, उंदीर.

२७.
मित्राला वाचून दाखवलं. 'कुत्रं?' म्हणाला, आणि तोंड वाकडं केलं.

२८.
माणिकडोहला बिबट निवारण केंद्र आहे. पकडलेले, जखमी, आई हरवलेले बिबटे तिथं राहतात. २००७ पासून वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था वनखात्याबरोबर ते बघते. बिबट्यांच्या जेवणाची वेळ ठरलेली आहे.

२९.
पिंपळाखाली वनखात्याचा पिंजरा लावलाय. दोन कप्पे. मागच्या कप्प्यात शेळी, चाऱ्याची पेंढी, पाण्याची बादली. चौथी रात्र. शेळी जाड झाली आहे.

३०.
डिसेंबर २०२५, नागपूर अधिवेशन. वनमंत्री म्हणाले की माणसं गेल्यावर कोटभर भरपाई देण्यापेक्षा कोटभराच्या शेळ्या जंगलात सोडा.
आमच्याकडं शेळीपालकांनी भाव विचारून ठेवला.

३१.
वाघबारस दिवाळीच्या तोंडावर येते. डोंगरकडच्या वाड्यांत वाघोबाच्या दगडाला शेंदूर, नारळ, कुठं कोंबडं. कोंबडं दाखवून झालं की माणसंच शिजवून खातात. वाघोबाला वासावर भागवावं लागतं.

३२.
आखाडाचा शेवटचा रविवार. शेवटी बोकडच कापला. वजडी, मुंडी, पाया, रक्ती, काही वाया गेलं नाही. मित्रानं रक्ती पहिल्यांदा खाल्ली. काय आहे ते आधी सांगितलं नव्हतं.
'कसली आहे? लिव्हर?'
'खा.'
दुसऱ्यांदा मागून घेतली. मग सांगितलं. म्हणाला, तिसऱ्यांदा वाढ.

३३.
दीप अमावस्या. बायका दिवे घासतायत. पुरुष मटणाच्या रांगेत. संध्याकाळी दोघांना घाई.

३४.
श्रावणाचा पहिला दिवस. मित्र परत जाताना त्याच खानावळीत थांबलो. फलकावरच्या पाच ओळी ओल्या फडक्यानं पुसल्या होत्या. उरली मासवडी.
बेसन शिजवून ओल्या कापडावर थापतात. आत तीळ, खोबरं, कांदा, लसूण. गुंडाळी करून हातानं दाबत माशाचा आकार देतात. मग काप. मासा एवढा हुबेहूब की शेजारच्या टेबलावरच्या माळकरी काकांनी वेटरला थांबवलं.
'यात मासा नाही ना रे?'
'नाही, काका.'
'रस्सा?'
'मसाला मटणाचाच असतो. मटण नसतं.'
काका थोडं थांबले. 'वाढ,' म्हणाले.

३५.
परत येताना बाजारपेठेतलं मटणाचं दुकान बंद. ओंडका धुऊन बाहेर ठेवला होता. पावसाची उघडीप होती. ओंडक्यावर मांजर झोपलं होतं.