साखरेच्या वहीत लाल पेन

सांगितल्याशिवाय राहवत नाही, म्हणून लिहायला बसले आहे. मला टाईप वन मधुमेह आहे. शाळेत असल्यापासून इन्सुलिन चालू, आता त्याला अठरावं वर्ष लागलंय. इतक्या वर्षांत बोटं टोचून टोचून टणक झाली, वह्यांवर वह्या भरल्या, आणि आकडा वाढला की घरीदारी प्रश्न एकच: "काय खाल्लंस?" भात खाल्ला असशील. लग्नात बुंदी खाल्ली असशील. शेजारणीनं दिलेली हुग्गी कुणाच्या पोटात गेली? आणि इकडे मी ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण आणि मेथीच्या पलीकडे गेलेले नसताना सकाळचा उपाशीपोटीचा आकडा 190! काही दिवसांनी तेच ताट, तेच इन्सुलिन, शाळेची तीच धावपळ, आणि आकडा 115. उत्तर कुणाकडेच नाही.

मग एका महिन्यात पाळी आली त्या तारखेला मी वहीत लाल पेनानं गोल काढला. काही ठरवून नाही. मुलांचे पेपर तपासत होते, तेच पेन हातात होतं. पुढच्या महिन्यात पुन्हा काढला. त्याच्या पुढच्याही. आणि एका रविवारी दुपारी वही पसरून बसले तर काय! प्रत्येक लाल गोलाच्या वरच्या ओळी चढलेल्या: 170, 182, 190, 176. गोल आला की एक-दोन दिवसांत आकडे धपकन खाली. मी पानं पुढे-मागे करतेय, मोठमोठ्यानं आकडे वाचतेय, तेवढ्यात जाऊबाई डोकावल्या. "काय बघलालीस गं इतकं? लॉटरी लागली का?" लागलीच होती म्हणा ना!

वही घेऊन थेट डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी चष्म्यातून दोन पानं पाहिली आणि म्हणाल्या, "हो, असं होतं की." असं होतं की! मग इतक्या वर्षांत इतक्या दवाखान्यांतून फिरले, हे मला एकानंही का सांगू नये?

कारण एकदा कळलं की इतकं सरळ आहे. बीजांड सुटल्यानंतर पाळी येईपर्यंतच्या काळात अंगात प्रोजेस्टेरॉन चढतं, आणि त्या दिवसांत स्नायू इन्सुलिनला पहिल्यासारखी दाद देत नाहीत. इन्सुलिन तेवढंच टोचलं तरी काम कमी होतं. पाळी आली की हार्मोन उतरतं, इन्सुलिन पुन्हा लागू पडतं. सगळ्याच बायकांचं असं होत नाही. माझ्याच एका इन्सुलिनवाल्या मैत्रिणीची वही बघितली तर तिथे रेघ सरळ. पण जिचं होतं तिला हे कळणं किती मोलाचं! मग डॉक्टरांना विचारून मी त्या दिवसांत रात्रीचं इन्सुलिन थोडं वाढवायला लागले. मात्र लाल गोल काढला की त्याच रात्री ते पुन्हा कमी करायचं असतं. वाढवलेला डोस तसाच राहिला तर रात्री दोन-तीनला घामानं अंथरूण भिजून जाग येते आणि अंधारात साखरेचा डबा शोधावा लागतो. वाढवायची आठवण सगळे करून देतात. कमी करायची आठवण माझी मलाच ठेवावी लागते, म्हणून ती वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून टाकली आहे.

इथवर आले आणि डोक्यात पुढचा दिवा लागला. अंगातल्या हार्मोननं साखर हलते, तर बाहेरून घेतलेल्या हार्मोननं? पाळणा लांबवायची गोळी म्हणजे दुसरं काय आहे?

सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारं माला-एनचं पाकीट घरात होतंच. उघडून पुन्हा नीट पाहिलं. 28 गोळ्या, त्यातल्या 21 पांढऱ्या, 7 गडद रंगाच्या. पांढऱ्यांत दोन हार्मोन: एथिनिल ईस्ट्राडायॉल 30 मायक्रोग्रॅम आणि लेव्होनॉरजेस्ट्रेल 0.15 मिलिग्रॅम. गडद गोळ्यांत हार्मोन नाहीच, नुसतं लोह. म्हणजे तीन आठवडे हार्मोन आणि एक आठवडा सुट्टी. ही गोळी सुरू केल्यावर माझ्या वहीतला पाळीआधीचा तो डोंगर गेला! पांढऱ्या गोळ्यांत आकडे पूर्वीपेक्षा किंचित वर पण एका सपाटीत, आणि लोहाच्या गोळ्यांच्या आठवड्यात जरा खाली. बीजांडच सुटत नाही, तर प्रोजेस्टेरॉनची ती चढउतार येणार कुठून? पाकिटावरच्या रंगांप्रमाणे वहीतले आकडे चालताना पाहिले आणि मी अक्षरशः टाळी वाजवली.

"गोळीनं शुगर वाढते" ही आपल्याकडची भीती अगदीच खोटी नाही, ती जुनी आहे. 1960 साली अमेरिकेत मंजूर झालेली पहिली गोळी एनोव्हिड. तिच्यात 10 मिलिग्रॅम प्रोजेस्टिन, म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन, आणि 150 मायक्रोग्रॅम मेस्ट्रॅनॉल नावाचं ईस्ट्रोजेन होतं. शेजारी माला-एनचे आकडे ठेवून पाहा. त्या काळच्या जड गोळ्यांनी साखर वाढायची, तसं संशोधनही झालं. गोळी हलकी होत गेली, भीती मात्र तेवढीच राहिली. आणि मॉस्कोत 62 टाईप वन बायकांवर झालेला एक अभ्यास 2005 साली छापून आला, तो वाचून तर मी उडालेच. काहींना साधी तांबी बसवली, काहींना लेव्होनॉरजेस्ट्रेल झिरपवणारी हार्मोनची तांबी. वर्षभरानं पाहिलं तर साखरेत आणि इन्सुलिनच्या डोसात दोन्हीकडे फरक नाही! तेच हार्मोन, पण गर्भाशयातच थोडं थोडं सुटतं, रक्तात फार कमी उतरतं.

पाळणा लांबवायच्या अंतरा इंजेक्शनाचं तसं नाही. तीन महिन्यांतून एकदा, 150 मिलिग्रॅम, 2017 पासून सरकारी योजनेत फुकट. रोज लक्षात ठेवायची कटकट नाही आणि घरात कुणाला कळतही नाही, म्हणून कितीतरी बायकांना ते आवडतं, आणि का आवडू नये? पण त्यातलं हार्मोन साखर थोडी वर ढकलू शकतं आणि काहींचं वजन वाढवतं. शिवाय एकदा दंडात गेलं की तीन महिने परत काढता येत नाही. गोळी उद्या बंद करता येते. शुगरवाल्या बाईनं अंतरा घेऊच नये असं कुणी म्हणत नाही. घेतलं तर सुरुवातीचे महिने वहीकडे डोळे ठेवायचे.

आता ज्या गोष्टीनं माझी झोप उडवली ती सांगते. आमच्या बीदर-कलबुर्गीकडे गोळी घेणाऱ्या बायका तशा थोड्याच. कर्नाटकात लग्न झालेल्या निम्म्याहून अधिक बायकांचं ऑपरेशनच झालेलं असतं, इकडे तर दोन लेकरं झाली की पंचविशीत ते उरकतं. मग ह्या सगळ्या हार्मोनपुराणाशी त्यांचा काय संबंध, असं मलाही वाटलं. पण पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या? त्या कोण घेत नाही! गाणगापूरला दत्तजयंती, तुळजापूरचं नवरात्र, मैलारच्या खंडोबाची जत्रा, घरातलं लग्न, वास्तुशांत. मेडिकलवर कागदही न दाखवता गोळ्या मिळतात आणि ऑपरेशन झालेल्या बायकासुद्धा त्या हक्कानं घेतात. त्या गोळीत काय आहे? नॉरएथिस्टेरॉन, 5 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. हेही हार्मोनच, आणि तेही चांगल्या तगड्या डोसात. साखर वर नेऊ शकतं. त्यात जत्रेचे दिवस: जेवणाची वेळ चुकलेली, प्रसाद हातावर पडलेला, इन्सुलिन पिशवीच्या तळाशी.

आणि अजून एक. नॉरएथिस्टेरॉनचा थोडा भाग शरीरातच एथिनिल ईस्ट्राडायॉलमध्ये बदलतो! दिवसाला 10 ते 20 मिलिग्रॅम घेतलं तर अंगात जवळजवळ एका संततिनियमनाच्या गोळीएवढं ईस्ट्रोजेन तयार होतं. म्हणजे "मी काय पाळणा लांबवायची गोळी घेत नाही बाई" म्हणणारी पन्नाशीजवळची आक्का, शुगर पंधरा-वीस वर्षांची, बीपीही आहे, ती गाणगापूरला जाताना नकळत तीच गोळी घेत असते. रक्तात गुठळी होण्याचा धोका ईस्ट्रोजेनबरोबर येतो. हे कळल्यापासून मी भेटेल तिला अडवून सांगतेय. आमच्या भिशीत आता मला बोलू देत नाहीत.

कारण मधुमेहात हार्मोनची खरी काळजी साखरेपेक्षा रक्तवाहिन्यांची असते, आणि हे मला सगळ्यात उशिरा कळलं. जागतिक आरोग्य संघटनेचा एक तक्ता आहे. कुठली पद्धत कुणाला चालते याला 1 ते 4 क्रमांक दिलेत: 1 म्हणजे बिनधास्त, 4 म्हणजे अजिबात नको. मधुमेह आहे पण डोळे, किडनी, नसा शाबूत आहेत, तर गोळी, इंजेक्शन, दंडातली काडी, हार्मोनची तांबी सगळ्यांना 2. म्हणजे चालतं, लक्ष ठेवा. साध्या तांबीला 1. पण डोळ्याच्या पडद्यावर, किडनीवर किंवा नसांवर परिणाम झाला असेल, किंवा मधुमेहाला वीस वर्षं उलटली असतील, तर ईस्ट्रोजेनची गोळी 3 किंवा 4 वर जाते, अंतरा 3 वर. साधी तांबी तिथेही 1 वरच! अठरावं वर्ष लागलेल्या बाईनं तो वीसचा आकडा वाचला तेव्हा काय झालं असेल, समजून घ्या. डोळ्यांचा पडदा तपासून घेतला, लघवीतलं अल्ब्युमिन तपासलं, दोन्ही ठीक निघालं, आणि डॉक्टरांशी बोलून वीस पुरी व्हायच्या आत तांबी बसवून घ्यायचं ठरवून टाकलं. सरकारी दवाखान्यातली 380-ए तांबी दहा वर्षं चालते. हार्मोन नाही, लक्षात ठेवणं नाही.

आणि हार्मोनला घाबरून काहीच न वापरणं हा तर सगळ्यात महाग सौदा. बाळाचे अवयव पहिल्या आठ आठवड्यांत घडतात, बाईला दिवस गेल्याचं पुरतं कळायच्या आत. त्या काळात साखर चढलेली असेल तर बाळात व्यंग राहण्याचा धोका वाढतो. म्हणून एचबीए1सी, म्हणजे साखरेच्या सरासरीचा आकडा, 6.5 च्या आत आणा आणि मग दिवस जाऊ द्या, असं सांगतात. ते आणायला जे महिने लागतात ते मिळवून देणारी गोष्ट म्हणजे गोळी किंवा तांबी. आपल्याकडे मात्र स्थळ आलं की मुलीची शुगर लपवतात, वही कपाटात जाते आणि वर्षाच्या आत पाळणा हलायला हवा असतो. याचा मला राग येतो.

गरोदरपणात शुगर निघालेल्यांसाठीही एक धागा आहे. लॉस एंजेलिसमध्ये अशा लॅटिन वंशाच्या बायकांवर झालेला अभ्यास 1998 साली प्रसिद्ध झाला. अंगावर पाजताना नुसत्या प्रोजेस्टिनची गोळी घेणाऱ्यांत पुढे कायमचा मधुमेह होण्याचं प्रमाण जवळजवळ तिप्पट दिसलं. दोन हार्मोनवाल्या गोळीत तसं दिसलं नाही. एकाच अभ्यासावर सगळं ठरत नाही आणि त्या तक्त्यात गरोदरपणी शुगर होऊन गेलेल्यांना सगळ्या पद्धती 1 वरच आहेत. पण बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी साखर पुन्हा तपासायची असते, ती आमच्याकडे कोण तपासतं? बाळाच्या डोसाची तारीख सगळ्यांना पाठ असते.

आमची अडचण आणखी एक आहे. 1956 पर्यंत उदगीर आणि भालकी एकाच बीदर जिल्ह्यात होते. आता मधे राज्याची हद्द आहे: शुगरचा डॉक्टर पलीकडे लातूरला किंवा उदगीरला, तिथला कागद एका पिशवीत. बाळंतपण इकडच्या सरकारी दवाखान्यात, ते तायी कार्ड कन्नडमध्ये, दुसऱ्या पिशवीत. आळंदच्या बायकांचं सोलापूरकडे हेच. गोळी देणाऱ्या सिस्टरला शुगरची फाइल दिसत नाही, शुगरच्या डॉक्टरला गोळीचं पाकीट दिसत नाही, आणि आपण दोन्हीकडे विचारलं तेवढंच सांगतो.

म्हणून बायांनो, दोन्ही पिशव्या एकत्र करा. गोळी, इंजेक्शन, तांबी किंवा जत्रेसाठी पाळी पुढे ढकलायची गोळी, काहीही घेण्याआधी समोरच्याला तीन गोष्टी न विचारता सांगा: शुगर आहे, इतक्या वर्षांची आहे, आणि डोळे-किडनीची तपासणी अमुक महिन्यात झाली आहे. झाली नसेल तर आधी ती करून घ्या. आणि घरात लेकीची, सुनेची शुगर वाढली, तर "काय खाल्लंस" याच्या आधी पाळीची तारीख विचारा.