मॅडमजींचा पेपर

सप्टेंबर २०२५ मधली गोष्ट. संध्याकाळचे साडेसात झाले असतील. कुकरची दुसरी शिट्टी व्हायची होती, तोच दार वाजलं. दारात खालच्या मजल्यावरच्या मॅडमजी उभ्या. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात चष्मा.

"बेटा, तू अखबारवाली आहेस ना? मग हे वाच आणि मला एवढंच सांग, यात मी आहे की नाही?"

फरीदाबादच्या एनआयटी भागातल्या आमच्या गल्लीत त्यांना सगळेच मॅडमजी म्हणतात. भाजीवालाही आणि त्यांचे यजमानही. १९९६ साली त्या सरकारी प्राथमिक शाळेत लागल्या. आपल्याकडे पूर्वी डी.एड. करून शिक्षक व्हायचे, तसं इथं जेबीटी करून होतात. एकोणतीस वर्षं त्यांनी पहिली ते पाचवीच्या मुलांना शिकवण्यात घालवली. कारखान्यांत कामाला आलेल्या उत्तर प्रदेश-बिहारच्या कुटुंबांतली ही मुलं. कुणी वर्षभर टिकतं, कुणी होळीला गावी जातं ते परत येतच नाही. अशा मुलांना अक्षरओळख करून देणाऱ्या बाईंचा हात त्या संध्याकाळी थरथरत होता.

मोबाइलवर सर्वोच्च न्यायालयाचा १ सप्टेंबर २०२५ चा निकाल होता. मी स्वयंपाक तसाच ठेवून तो वाचला. गंमत म्हणजे हे प्रकरण मूळचं आपल्या महाराष्ट्रातलं. अल्पसंख्याकांच्या शाळांतल्या शिक्षकांना शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, लागू होते का, असा मूळ प्रश्न होता. अंजुमन इशात-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र राज्य असं त्या खटल्याचं नाव. न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती मनमोहन यांच्या पीठाने अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला. पण बाकीच्या शाळांतल्या, पहिली ते आठवीच्या शिक्षकांबद्दल स्पष्ट सांगितलं. ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ आहे, त्यांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचं. नाही झाले तर नोकरी सोडायची. ज्यांची पाच वर्षांहून कमी नोकरी उरली आहे, त्यांनी परीक्षा न देता निवृत्तीपर्यंत शिकवावं. मात्र बढती हवी असेल तर त्यांनाही परीक्षा चुकत नाही.

"मॅडमजी, तुम्ही निवृत्त कधी होणार?"

"हरियाणात अठ्ठावन्नला. माझा जन्म डिसेंबर १९७२ चा. म्हणजे ३१ डिसेंबर २०३०."

मी बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. पाच वर्षं आणि चार महिने!

चार महिने आधी जन्मल्या असत्या, तर हा निकाल त्यांच्या दारावरून पुढे गेला असता. मी काही बोलण्याआधीच त्यांना कळलं. त्या खुर्चीवर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "घरी सांगू नकोस. मुलगा हसेल."

त्या रात्री मी सोलापूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या माझ्या ताईला फोन लावला. ती तर पेटलेलीच होती. "अगं, नेमणूक झाली तेव्हा जी परीक्षा नव्हतीच, ती आता नापास झालीस तर घरी जा म्हणून सांगतात? ज्या नियमानं आम्हाला घेतलं, तो नियम आम्ही मोडला का?"

ताईचं म्हणणं खोटं नव्हतं. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २३ ऑगस्ट २०१० ला टीईटीची अट घातली. त्याआधी लागलेल्यांना ही अट नाही, असं इतकी वर्षं शिक्षक धरून चालले होते. आता एकदम पायाखालची जमीन सरकली.

पण फोन ठेवल्यावर मला दुसरी बाजूही दिसू लागली. कायदा शिक्षकासाठी नाही, मुलासाठी केलेला आहे. ज्या मुलाची आई स्वतः शाळेत गेलेली नाही, ज्याला शिकवणी लावायला घरात पैसा नाही, त्याला मिळणारा एकमेव शिक्षक तरी चांगला असावा, एवढीच त्यामागची अपेक्षा. आपण नाही का डॉक्टरची पदवी पाहत? मग गरिबाच्या मुलानं शिक्षकाची पात्रता पाहिली तर त्यात वावगं काय?

दोन्ही गोष्टी मला खऱ्या वाटत होत्या. मी वाद बाजूला ठेवला आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून जुन्या प्रश्नपत्रिकांचं पुस्तक आणलं.

हरियाणाची पात्रता परीक्षा भिवानीचं शालेय शिक्षण मंडळ घेतं. प्राथमिक शिक्षकांसाठी पहिला स्तर. दीडशे प्रश्न, दीडशे गुण, अडीच तास. बालविकास आणि अध्यापनशास्त्राचे तीस, हिंदी-इंग्रजीचे तीस, गणिताचे तीस, परिसर अभ्यासाचे तीस आणि उरलेल्या तीसमध्ये अंकगणिती क्षमता, तर्कबुद्धी आणि हरियाणाचं सामान्यज्ञान. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. उत्तीर्ण व्हायला साठ टक्के, म्हणजे नव्वद गुण.

रोज संध्याकाळी तासभर मॅडमजी आमच्याकडे येऊ लागल्या. पुस्तक ओढणीखाली लपवलेलं असे. जिन्यात कुणी भेटलं तर "मराठी बहूकडून कांदेपोहे शिकतेय" असं सांगायच्या. खरं तर पोहे त्यांना माझ्याहून छान जमतात!

सुरुवातीचे दिवस कठीण गेले. बालविकासाच्या प्रकरणात पियाजे, वायगॉट्स्की, कोहलबर्ग ही नावं आली की त्यांचा चेहरा उतरे. वायगॉट्स्कीचं म्हणणं मी सोपं करून सांगितलं. मूल एकट्यानं जे करू शकतं आणि कुणी थोडा हात दिला तर जे करू शकतं, त्यामधला जो टप्पा, तिथेच शिकवणाऱ्यानं उभं राहायचं.

मॅडमजी माझ्याकडे पाहतच राहिल्या. "एवढंच? अगं, हे तर मी रोज करते. पोरगं अडलं की पहिला आकडा मी लिहिते, दुसरा त्याला लिहायला लावते. याला एवढं अवघड नाव आहे, हे मला आज कळलं."

मला वाटलं, या परीक्षेची अडचण इथेच आहे. एकोणतीस वर्षं हातानं केलेलं काम तिथं नावानं ओळखावं लागतं. ज्याला नावं पाठ आहेत तो सुटतो. ज्याला काम येतं तो अडखळतो.

पण आठवड्याभरानं याच्या उलटही घडलं. एका जुन्या प्रश्नात विचारलं होतं की, मुलाची वजाबाकी चुकली तर शिक्षकाने आधी काय करावं. मॅडमजींनी 'बरोबर रीत फळ्यावर पुन्हा दाखवावी' या पर्यायावर खूण केली. उत्तर होतं, 'मुलानं तसं का केलं हे त्यालाच विचारावं.' त्यांना ते पटलं नाही. विचारत बसायला वेळ कुठे असतो, म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मात्र त्या जिना चढल्या त्या धापा टाकतच. तिसरीतल्या एका मुलानं बावन्नातून सतरा वजा केले आणि उत्तर काढलं पंचेचाळीस. नेहमीप्रमाणे त्यांनी लाल पेन उचललं, पण मग थांबल्या आणि विचारलं. मुलगा म्हणाला, "मॅडमजी, लहानातून मोठा जात नाही ना, म्हणून मी सातातून दोन काढले. पाच उरले. मग पाचातून एक, चार."

"अगं, त्यानं डोकं चालवलं होतं! मीच त्याला कधीतरी सांगितलं होतं की, लहानातून मोठा जात नाही. इतकी वर्षं मी अशा वह्यांवर फुल्या मारत आले." एवढं बोलून त्या बराच वेळ गप्प राहिल्या.

त्या दिवसापासून त्यांची अभ्यासाची तऱ्हा बदलली. तोवर त्या परीक्षेला शिव्या देत वाचत होत्या, आता अधूनमधून पेन्सिलनं खुणा करू लागल्या.

अर्थात वेळ काही वाढला नाही. कधी मतदार यादीचं काम, कधी माध्यान्ह भोजनाचा हिशेब, कधी मोबाइलवर भरायची माहिती. कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमानं जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच बाहेरची कामं शिक्षकाला देता येतात. पण आपल्या देशात निवडणूक आणि जनगणना ही काय लहान कामं आहेत? त्यात घरचा स्वयंपाक, सासूबाईंची औषधं. वाचायला बसत तेव्हा रात्रीचे दहा वाजलेले असत आणि पानावर डोळे मिटत.

नोव्हेंबरच्या अखेरीस ताईचा फोन आला. २३ नोव्हेंबर २०२५ ला महाराष्ट्रात टीईटी झाली, तिला ती बसली होती. मी विचारलं, पेपर कसा गेला? ती आधी हसली आणि मग तिचा आवाज ओला झाला. पुढच्या बाकावर तिचीच एक जुनी विद्यार्थिनी होती. नुकतीच शिक्षिकेचा अभ्यासक्रम संपवलेली. ती वळून म्हणाली, "बाई, तुम्ही?"

"आयुष्यभर त्या पोरीला 'कॉपी करू नकोस, वर बघू नकोस' सांगितलं आणि उत्तरपत्रिकेतले गोळे काळे करताना माझाच हात थरथरला गं. पण पेपर सुटल्यावर ती थांबली होती. बाई, चहा घेऊ या म्हणाली. चहा घेता घेता आम्ही दोघींनी उत्तरं ताडून पाहिली."

हे मी मॅडमजींना सांगितलं. त्यांनी डोळे पुसले आणि पुस्तक ओढणीखालून काढून मांडीवर ठेवलं. म्हणाल्या, "माझे सासरे फाळणीत बन्नूहून इथं आले. शाळा सगळी उर्दूत झालेली. नोकरीसाठी त्यांनी विशीत पुन्हा क-ख-ग गिरवलं. ते कधी लाजले नाहीत. मी कशाला लाजू?"

त्याच रात्री त्यांनी घरी सांगून टाकलं. मुलगा हसला, पण क्षणभरच. तो गुडगावला इंजिनिअर आहे. आता दर रविवारी आईला तर्कबुद्धीची गणितं समजावतो. यजमानांनी संध्याकाळची भाजी निवडायचं आणि सासूबाईंच्या औषधांचं काम स्वतःकडे घेतलं. एवढ्या वर्षांत त्या घरात असं प्रथमच होत होतं!

गंमत पाहा, नापास होणाऱ्या मुलाची काळजी आपला कायदा किती घेतो. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने नियम बदलून पाचवी आणि आठवीत मागे पडलेल्या मुलाला त्याच वर्गात ठेवायची मुभा दिली. पण त्याआधी त्याला जादा शिकवायचं, दोन महिन्यांत पुन्हा परीक्षेची संधी द्यायची आणि काही झालं तरी आठवीपर्यंत त्याला शाळेतून काढायचं नाही, असंही त्यात आहे. मुलाला जे देतो, त्यातलं थोडं त्याच्या शिक्षकाला का देऊ नये? परीक्षा जरूर घ्या; पण दोन वर्षांची मुदत देताना अभ्यासाला सुटी द्या, सुट्ट्यांत वर्ग घ्या, वर्गात काय येतं याचेही गुण धरा. आणि परीक्षाही निर्मळ हवी. महाराष्ट्रात २०२१ मध्ये टीईटीचे गुण वाढवून देण्याचा घोटाळा उघडकीस आला आणि पुढे हजारो उमेदवार अपात्र ठरले. असल्या गोष्टींनी प्रामाणिकपणे रात्री जागणाऱ्यांचंच मन मोडतं.

थंडीतल्या एका रविवारी, गच्चीवर ऊन आल्यावर, मॅडमजींनी घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडवला. पहिल्यांदा सोडवला होता तेव्हा एकाहत्तर गुण पडले होते. या वेळी मी मोजले, चौऱ्याऐंशी. नव्वदला सहा कमी.

मला वाटलं, आता त्यांचा धीर खचेल. त्यांनी पेपर माझ्या हातून घेतला, चुकलेले प्रश्न एकेक करून पाहिले आणि पर्समधून लाल पेन काढलं. मी म्हटलं, "फुल्या मारू नका हं."

"नाही गं," त्या म्हणाल्या, "हे मी असं का लिहिलं, ते आधी स्वतःला विचारते."

शेजारी त्यांच्या वर्गातल्या मुलांच्या वह्यांचा गठ्ठा होता. सोमवारी एका मुलानं विचारलं होतं म्हणे, "मॅडमजी, तुमचाही पेपर असतो?" त्यांनी हो म्हटल्यावर तो गंभीरपणे म्हणाला, "घाबरू नका. आधी सोपे प्रश्न सोडवा."

त्यांचंच वाक्य होतं ते. आता त्यांना ते उपयोगी पडतं आहे. तुमच्याही घरात, शेजारात अशी एखादी बाई किंवा गुरुजी रात्री पुस्तक घेऊन बसत असतील, तर त्यांना हसू नका. त्यांच्या हातातली भाजीची जुडी तेवढी आपल्याकडे घ्या.