मारवाडातला गुगुळ

जोधपूर मागे टाकून पश्चिमेची वाट धरली की हिरवा रंग हळूहळू आटत जातो. दुतर्फा वाळू, मध्येच तांबूस खडकाची टेकडी, तिच्यावर काटेरी थोर आणि सपाटीला शमीची एखाद-दुसरी झाडे. शमीला इकडे खेजडी म्हणतात. जोधपूरला वर्षाकाठी सरासरी ३५० ते ४०० मिलिमीटर पाऊस होतो; जैसलमेरला त्याच्या निम्माच. विहिरी खोल आणि पुष्कळ ठिकाणी पाणी खारट.

अशाच टेकड्यांच्या उतारावर, दगडांच्या खाचेत, एक वाकडेतिकडे झुडूप उभे असते. वर्षातला बराच काळ त्यावर पान नसते. साल कागदासारखी सुटून लोंबते. नवखा माणूस ते वाळके समजून सरपणासाठी तोडायलाही कमी करणार नाही! पण पापुद्रा बाजूला केला की आत हिरवट खोड दिसते. पाऊस पडताच त्याला पालवी फुटते. हाच तो गुगुळ. आपल्याकडे तिन्हीसांजेला धुपाटण्यात पडतो, आणि आजोबांच्या सांधेदुखीवरच्या योगराज गुग्गुळाच्या गोळ्यांतही तोच असतो.

गुगुळ लावणे अवघड नाही. बोटाएवढ्या किंवा त्याहून थोड्या जाड फांद्यांचे तुकडे रोपवाटिकेत लावून मुळे फुटू देतात आणि पावसाळ्यात ती रोपे खड्ड्यांत लावतात. खड्ड्याच्या उताराकडच्या बाजूला चंद्रकोरीसारखा मातीचा बांध घातला की वाहून जाणारे पाणी तिथेच मुरते. लहानपणी थोडे जपले, की पुढे त्याला पाटाचे पाणी लागत नाही. साचलेले पाणीच त्याला सोसत नाही.

अवघड असते ते वाट पाहणे. डिंक काढण्याजोगे झाड व्हायला आठ-दहा वर्षे लागतात. मग हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत सालीला बेताची चीर देतात. पिवळसर चीक पाझरतो, हवेवर घट्ट होतो आणि दहा-पंधरा दिवसांनी खरवडून घेतात. एका झाडाचे एका हंगामाचे उत्पन्न काहीशे ग्रॅम. ते वाढावे म्हणून कोणी चीर लाकडापर्यंत खोल नेतो, कोणी तिला निरनिराळे लेप फासतो. त्या वर्षी डिंक भरपूर येतो, आणि झाड मरते. दुष्काळाला न हरलेले झाड असे कोयत्याला हरले. २०१५ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत रानातला गुगुळ अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला.

पण दहा वर्षे थांबायला शेतकऱ्याच्या घरात दहा वर्षांचे धान्य कुठे असते? म्हणून त्याला सोनामुखी जवळची वाटते. पहिल्या पावसावर बी टाकायचे, तीनएक महिन्यांत पाला हाती. गुरे-शेळ्या तिला सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे कुंपणाचा खर्च वाचतो; मोकाट जनावरांच्या मुलखात ही काही लहान गोष्ट नव्हे. एकदा पेरलेले रान चार-पाच वर्षेही पाला देते. तो सावलीत वाळवायचा, उन्हाने हिरवा रंग उडाला की भाव पडतो. बद्धकोष्ठावरच्या चूर्णांतून तो घरोघर पोहोचतो.

जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेत, म्हणजे ‘काजरी’त, या दोन्ही वनस्पतींवर काम झाले आहे. शेतात सोनामुखी आणि नांगर न चालणाऱ्या खडकाळ कडेला गुगुळ, अशी जोडी खरे तर या मातीला साजेशी. एकीच्या पाल्यावर घर चालेल, तोवर दुसरा सावकाश वाढेल. तेवढी वर्षे कोयता मात्र दूर ठेवावा लागेल.