दुष्काळाची बाकी

परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या बोरी या गावी माझा जन्म १९७३ साली झाला, म्हणजे ज्या दुष्काळाला आमच्याकडे आजही नुसते 'बहात्तर' एवढेच म्हणतात, त्याची झळ अजून ओसरली नव्हती तेव्हा. आणि गेल्या पन्नास वर्षांत माझ्या देहाच्या वजनाविषयी घरात, दारात आणि दवाखान्यात जे जे बोलले गेले, त्याचे मूळ शोधू गेले की मी त्या सालापाशीच येऊन पोहोचते.

माय त्या वर्षी पोटुशी असतानाही दुष्काळी कामावर खडी फोडायला जात असे. कामावर वाटली जाणारी सुकडी आणि परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी हे त्या दिवसांतले अन्न; त्या मिलोच्या भाकरीची चव मायने आम्हांला कधी वर्णन करून सांगितली नाही, विषय निघाला की ती फक्त मान फिरवी. आजोबांनी निजामी अमदानीत पटवाऱ्याच्या दप्तरात कारकुनी केलेली असल्यामुळे आणेवारी, तगाई, तहकुबी हे शब्द आमच्या ओसरीवर नित्य कानी पडत, आणि माणसाच्या अंगाकडेही त्या घरात जवळजवळ त्याच नजरेने पाहिले जाई : भरलेले अंग म्हणजे पिकलेले साल, वाळलेला चेहरा म्हणजे नापिकी. लेकराने बाळसे धरले की आजीचा जीव भांड्यात पडे. अशा घरात अन्न पानात टाकणे हे पाप होते, आणि दुसऱ्याला आग्रहाने वाढणे हा प्रेमाचा सर्वांत निःशंक आविष्कार होता. ज्या पिढीने उपाशी लेकरे पाहिली, तिने पुढच्या पिढीला पोटभर खाऊ घालण्यात जन्माचे सार्थक मानले, यात मला आजही काही गैर दिसत नाही.

लग्न होऊन मी परभणीस आले, शाळेत नोकरी लागली, दोन बाळंतपणे झाली, आणि चाळिशी ओलांडताना अंग सुटू लागले. तेथून पथ्यांचे सत्र सुरू झाले. भात सोडला, मग साखर सोडली, रात्रीचे जेवण सोडले, पुढे आहारतज्ज्ञाचा छापील तक्ता स्वयंपाकघराच्या भिंतीवर आला. डॉ. श्रीकांत जिचकर यांच्या विचारांतून प्रेरणा घेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्रभर पोहोचविलेली, दिवसात दोनदाच आणि प्रत्येक वेळी पंचावन्न मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धत आमच्या शिक्षकवर्गातही आली. ती अनेकांना मानवली, माझेही वजन तिने उतरले. पुढे ते परतले, परंतु हे त्या पद्धतीचे उणे म्हणून मी नोंदवीत नाही, कारण आधीच्या प्रत्येक पथ्याची गत हीच झाली होती. व्रतवैकल्यांत वाढलेल्या स्त्रीला यातले एक वैगुण्य फार जाणवते : आपल्या व्रतांना संकल्प असतो तसे उद्यापनही असते, ठरल्या मुदतीनंतर सवाष्णींना जेवू घालून व्रत सन्मानाने संपते; या नव्या व्रताला मात्र उद्यापन नाही. ते मोडते तेवढेच, आणि मोडल्याचा दोष दर वेळी करणारीच्या माथी येतो.

हा दोष खरोखर तिचा असतो काय, या प्रश्नाने मला पुष्कळ वर्षे छळले, आणि त्याचे उत्तर मला फार दूरच्या एका हकिकतीत सापडले. महायुद्धाच्या अखेरीस, १९४४च्या नोव्हेंबरात, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने छत्तीस निरोगी तरुणांवर एक प्रयोग आरंभिला. हे तरुण युद्धविरोधी होते आणि उपाशी युरोपाला पुन्हा कसे पोसावे हे कळावे म्हणून स्वेच्छेने पुढे आले होते. सुमारे सहा महिने त्यांना दिवसाला साधारण १,५७० उष्मांकांचे अन्न देण्यात आले. त्यांचे वजन जवळजवळ एक चतुर्थांशाने घटले; ते चिडखोर व उदास झाले, रात्रंदिवस अन्नाचाच विचार करू लागले, कित्येक जण पाककृतींची पुस्तके जमवू लागले. पुन्हा अन्न मिळू लागल्यावर, ज्यांची पुढे तपासणी होत राहिली, त्यांच्या अंगावर पूर्वीपेक्षाही अधिक चरबी साठली. हे वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. कारण माझ्या भिंतीवरच्या तक्त्यातील आकडा १,५७०पेक्षाही कमी होता.

याच कीजने पुढे, माय बोरीच्या शिवारात खडी फोडत होती त्याच १९७२ साली, वजन आणि उंचीच्या एका जुन्या गुणोत्तराला आज सर्वतोमुखी झालेले बीएमआय हे नाव दिले. पाच देशांतील सात हजारांवर माणसांच्या मोजमापांवर त्याचा तो निबंध आधारलेला होता, आणि ती सारी माणसे पुरुष होती. त्या पाच देशांत हिंदुस्थान नव्हता. आपल्याकडच्या देहाची कथा वेगळी आहे, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखविले. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३पासून त्यांनी गर्भवती माता आणि त्यांची अपत्ये यांचा मागोवा घेतला. तेथील नवजात बालके सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडातील साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची, तथापि आपल्या कृश बालकांच्या देहात स्नायू कमी आणि चरबी मात्र त्या मानाने राखलेली. मातेच्या उदरात झालेली उपासमार गर्भाच्या दप्तरी अशी नोंदली जाते, आणि तिची बाकी मध्यम वयात, पुष्कळदा मधुमेहाच्या रूपाने, वसूल होते. एखाद्या एकट्या स्त्रीच्या वजनाचा जाब याच एका कारणाला विचारता येणार नाही, हे मला कळते. परंतु दुष्काळाच्या पोटी जन्मलेल्या देहाने मिळेल ते सांभाळून ठेवावे, यात त्याची लबाडी नव्हे, इमान आहे.

एका उन्हाळ्यात, वजन चांगलेच उतरलेले असताना, मी माहेरी गेले होते. परभणीत सहकाऱ्यांनी अभिनंदन केलेले होते. बोरीत मायच्या वयाची शेजारीण दारात थबकली, माझा हात हाती घेऊन तिने मनगट चाचपले आणि घाबऱ्या आवाजात विचारले, "लई वाळलीस गं माय, दुखणं-बिखणं हाय का काय?" त्या प्रश्नात जे वात्सल्य होते ते कोणत्याही अभिनंदनात नव्हते, मला रडू आले.

वजनाला काही महत्त्वच नाही, असे माझे म्हणणे नाही. रजोनिवृत्तीनंतर पोटाभोवती साठणारी चरबी अपाय करते, आणि साखरेच्या विकाराने पाय गमावलेली माणसे मी नात्यातच पाहिली आहेत. म्हणून मी आता पहाटे चालते, गुडघे झेपतील तेवढा व्यायाम करते, दुपारी ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण आणि पालेभाजी पोटभर खाते, आणि साखर तपासून घेते. वजनकाटा मात्र घरातून काढून टाकला आहे. जो देह चार पिढ्यांची ओढाताण सोसून मला येथवर घेऊन आला, त्याची रोज सकाळी फौजदारी चौकशी करणे हा अन्याय आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

माझ्या वयाच्या बहिणींना माझी विनंती आहे : वर्षातून एकदा तरी रक्तातील साखर आणि रक्तदाब तपासून घ्या, औषध लागल्यास ते चुकवू नका, सर्वांची पाने वाढून झाल्यावर उरलेसुरले खाण्याची रीत सोडून सर्वांबरोबर जेवायला बसा, आणि वयात येणारी लेक शेजारी जेवत असेल, तर तिच्या ताटातील भाकरी मोजू नका.