अ‍ॅडजस्ट होईल, मॅडम!

समजा, तुम्ही बूट घ्यायला गेलात आणि दुकानदार म्हणाला, ‘तुमचा नंबर संपलाय, पण हा दोन नंबर मोठा घेऊन जा, सवय होईल.’ काय कराल? सरळ बाहेर पडाल ना? मग साठ-सत्तर हजारांची रोड बाइक घेताना हेच वाक्य आपण मान डोलवत का ऐकून घेतो? कारण साधं आहे. सायकलला माप असतं, हेच आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं.

मी देवळ्याची. नाशिक जिल्हा, कसमादे पट्टा. कांदा-डाळिंब म्हटलं की लोकांची ट्यूब पेटते. आमच्याकडे सायकलचं माप एकच होतं : घरात असेल ते. आजोबांची दूध घालायची काळी, अवजड, २४ इंची सायकल. आम्ही भावंडं नळीखालून पाय घालून, कंबर वाकडी करून त्यावर हाफ पॅडल मारत शिकलो. ती कधीच आमच्या मापाची नव्हती, आम्हीच तिच्या मापाचे होत गेलो. पुढे मला बिननळीची लेडीज सायकल मिळाली. तिथेही चॉइस फक्त रंगाचा!

त्या सायकलींवर हे खपून जायचं, कारण शाळा हाकेच्या अंतरावर, पाठ ताठ आणि हँडल पार छातीपर्यंत आलेलं. रोड बाइकचा मामला वेगळा. इथे तुम्ही पुढे वाकलेले असता आणि शरीर तीनच ठिकाणी टेकलेलं असतं : सीट, पॅडल, हँडल. मिनिटाला ८० वेळा पॅडल फिरतंय असं धरलं, तरी चार तासांत प्रत्येक गुडघा १९ हजारांहून जास्त वेळा वाकतो. एक सेंटिमीटरची गडबड १९ हजार वेळा. करा हिशेब.

नोकरीसाठी मी नाशिकला आले आणि इथल्या सायकलवेडाची लागण मलाही झाली. या शहराला त्याचं कारणही आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या भावांनी २०१५ मध्ये ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’, म्हणजे अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत सुमारे ४८०० किलोमीटर, दोघांच्या टीममध्ये पूर्ण केली. २०१७ मध्ये नाशिकचेच श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच रेस एकट्याने पूर्ण केली. माझं स्वप्न एवढं भारी नाही. मला फक्त एका शनिवारी पहाटे निघून सायकलवर देवळ्याला जायचं होतं. पिंपळगाव, वडाळीभोई, सोग्रस फाट्यावरून आत, मग भावडबारीचा घाट आणि घर. ८० किलोमीटरच्या थोडं पुढे. आईला दारात उभं राहून आश्चर्याचा धक्का द्यायचा, एवढाच प्लॅन.

ट्रायल म्हणून ऑफिसमधल्या एका मित्राची सायकल मागून घेतली आणि त्र्यंबकला जाऊन आले. तो पाच फूट नऊ, मी पाच फूट अडीच. सीट पार खाली केली, पाय पोचले, निघाले. येताना उजव्या हाताच्या दोन बोटांना मुंग्या आल्या, त्या सोमवारी माऊस धरतानाही गेल्या नव्हत्या. मानेचं तर विचारूच नका. पण खरी टरकली ती उतारावर. ब्रेकचे लिव्हर इतके लांब की जेमतेम बोटांची टोकं टेकत होती. भावडबारीत समोरून कांद्याने भरलेला ट्रॅक्टर आणि मागून एसटी, अशा वेळी ब्रेक बोटांच्या टोकांवर? नको रे बाबा.

मग दुकान. सेल्समनने मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं (सायकलच्या दुकानातलं माप घेणं म्हणजे हेच) आणि ५२ नंबरची एक देखणी निळी सायकल पुढे केली. ‘तुमचा साइज मागवावा लागेल, दोन महिने. ही घेतलीत तर बारा हजार कमी करतो. सीट खाली घेऊ, स्टेम छोटा टाकू. अ‍ॅडजस्ट होईल, मॅडम.’

बारा हजार! मी भाड्याच्या फ्लॅटमध्ये तिघींबरोबर राहणारी बाई आहे. बारा हजार म्हणजे हेल्मेट, लाइट, पंप, शॉर्ट्स आणि वर चार वीकेंडची मिसळ. ‘विचार करून सांगते’ म्हणाले आणि घरी येऊन खरंच विचार केला.

तर फंडा असा आहे. रोड बाइकवरचा ४८, ५२, ५४ हा आकडा मूळचा सीटखालच्या उभ्या नळीच्या लांबीचा, सेंटिमीटरमध्ये. जुन्या फ्रेमची वरची नळी जमिनीला समांतर असायची, त्यामुळे या एका आकड्यावरून बाकीचं कळायचं. १९९० च्या दशकाच्या शेवटी माइक बरोज या इंग्लिश डिझायनरने जायंट कंपनीसाठी मागे उतरती वरची नळी असलेली कॉम्पॅक्ट फ्रेम आणली. फ्रेम छोटी, सीटचा दांडा लांब आणि मापं थेट टी-शर्टसारखी : स्मॉल, मीडियम, लार्ज. हे डिझाइन सगळ्यांनी उचललं आणि त्या आकड्याचा अर्थ पातळ झाला. आज एका कंपनीचा ५२ हा दुसरीचा ५० असू शकतो. म्हणून आकड्यावर न जाता चार्टमधल्या दोन गोष्टी पाहायच्या. पॅडलच्या मधल्या धुरीपासून फ्रेमचं समोरचं टोक किती उंच, तो स्टॅक. तिथूनच ते किती पुढे, तो रीच. या दोन आकड्यांत मार्केटिंग घुसू शकत नाही.

आणि आपल्या बाजूने? उंची विचारतात सगळे, पण उंची फसवी. पाच फूट अडीचच्या दोन मुली शेजारी उभ्या करा, एकीचे पाय लांब निघतील, दुसरीचं धड. म्हणून माप घ्यायचं ते जांघेपासून जमिनीपर्यंतचं, इनसीम.

माझं माप देवळ्यात घेतलं गेलं, दिवाळीच्या सुट्टीत. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. दोन्ही पायांमध्ये एक जाड पुस्तक सीटसारखं वर दाबून धरायचं (घरात बारावीच्या फिजिक्सचं गाइड होतं, शेवटी कशाला तरी उपयोगी पडलं) आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत टेप लावायचा. वहिनीने तीनदा मोजलं. ७३, साडेबहात्तर, ७३. आजी खाटेवरून हा सोहळा बघत होती. सायकलची किंमत कळल्यावर म्हणाली, ‘इतला पैसामा ते फटफटी येस व माय!’ चूक काहीच नव्हतं.

७३ ला ०.८८३ ने गुणलं की साडेचौसष्ट. पॅडलच्या धुरीपासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची एवढी हवी. हा गुणक टूर द फ्रान्स जिंकणारा पहिला अमेरिकन ग्रेग लेमाँड याच्या नावाने ओळखला जातो. तो १९८६, १९८९ आणि १९९० असा तीनदा जिंकला. जुन्या पद्धतीच्या फ्रेमसाठी इनसीमला ०.६५ ते ०.६७ ने गुणतात. माझं उत्तर ४८ च्या आसपास. ५२ नव्हे.

पण मग ‘अ‍ॅडजस्ट होईल’ यात काहीच तथ्य नाही का? आहे, आणि तीच तर गंमत. सीट वर-खाली होते, पुढे-मागेही सरकते. स्टेम, म्हणजे हँडलला धरून ठेवणारा आडवा तुकडा, एक-दोन सेंटिमीटरने छोटा लावता येतो. हँडल ४२ ऐवजी ३८ सेंटिमीटर रुंदीचं मिळतं. पॅडलचा दांडा १७० ऐवजी १६५ मिलिमीटरचा मिळतो. ब्रेक लिव्हर जवळ आणायला बहुतेक ठिकाणी एक छोटा स्क्रू असतो, फक्त कुणी सांगत नाही. हे सगळं बदलता येतं. बदलत नाही ती फ्रेम. आणि सगळ्या जुळवाजुळवी फ्रेम मोठी आहे हे लपवण्यातच संपल्या, तर पुढे खरंच काही जुळवायची वेळ आली की हातात काय उरणार? बरं, लांबी पोचत नाही म्हणून सीट पुढे ढकलली की गुडघा पॅडलच्या पार पुढे जातो. हात वाचवायला गुडघा द्यायचा, असला सौदा.

जाता जाता : थोडी लहान फ्रेम थोड्या मोठीपेक्षा बरी, असं जाणकार म्हणतात ते याचसाठी. लहान असेल तर सीटचा दांडा वर काढता येतो (त्यावरच्या किमान खुणेपर्यंतच हं) आणि स्टेम लांब करता येतो. मोठी फ्रेम कापून लहान करता येत नाही. अर्थात लहान फ्रेमलाही तिचा त्रास आहे. चाकं तेवढीच मोठी, फ्रेम आखूड, त्यामुळे कमी वेगात वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला घासतं. माझंही घासतं. चौकात वळताना पॅडल कुठे आहे ते बघायची सवय लावून घेतलीये.

बायकांचं घोडं इथेच पेंड खात आलंय. अमेरिकेत जॉर्जिना टेरी या इंजिनिअर बाईंनी १९८५ मध्ये यावर उपाय म्हणून पुढचं चाक लहान असलेल्या बायकांसाठीच्या सायकली विकायला सुरुवात केली. नंतर मोठ्या कंपन्यांनी ‘लेडीज’ म्हणजे गुलाबी रंग असं बरीच वर्षं धरून ठेवलं. आता काहींचं म्हणणं असं की, बाई-पुरुष यांच्यातल्या फरकापेक्षा माणसामाणसातला फरक मोठा, तेव्हा फ्रेम एकच ठेवू, लहानात लहान मापापासून बनवू, सीट आणि हँडल बदलून देऊ. मला हे पटतं. फक्त ते लहान माप दुकानात उभं पाहिजे ना!

मी फोन करून ४८ मागवा म्हटलं. ‘बारा हजार सोडताय, मॅडम?’ सोडतेय. दोन महिन्यांचे अडीच झाले. रंग आला काळा, मला तो कधीच आवडला नाही. आजोबांच्या सायकलचा. पण पहिल्यांदा बसले, कोपर किंचित वाकवून हात ठेवले आणि हँडल जिथे असायला हवं तिथेच होतं. टाच पॅडलवर टेकवून पाय सरळ केला, बरोबर सरळ झाला. ब्रेकवर दोन पेरं आरामात बसली.

मेकॅनिक हँडलखालची नळी कापायला निघाला, ‘लुक क्लीन येतो’ म्हणून. त्याला थांबवलं. पाचशे किलोमीटर होईपर्यंत पाठ काय म्हणते ते कळत नाही, आणि कापलेली नळी परत जोडता येत नाही. त्यामुळे देवळ्याला पोचले तेव्हा हँडलखाली तीन स्पेसर एकावर एक चढवलेले होते. दिसतात बावळट. आईने बाकी काही विचारायच्या आधी तेच विचारलं, ‘हे वरचं अजून बसवायचं राहिलंय का गं?’