अंगठा

दुरुस्तीला बाजाची पेटी खोलली आणि खोलीभर गाळाचा वास पसरला. 22 जुलै 2021 ला सावित्री आणि गांधारीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा आमच्या तळमजल्यावर ही पेटीही बुडाली. त्याच दिवशी तळिये गाव दरडीखाली गेलं, पोलादपुरात केवनाळे आणि सुतारवाडीवर डोंगर आला; पेटी गेली असं म्हणायला तेव्हा तोंडच उघडलं नाही. पुढे भाता नवा बसवला, पितळी सूर घासून घेतले. पट्ट्यांखाली मातीची बारीक रेघ मात्र राहून गेली होती.

पेटी आबांची, माझ्या चुलत आजोबांची. पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी. एकादशीला देवळात भजन असलं की मी खांबाला टेकून आबांचा उजवा हात बघत बसायची. तर्जनी, मधलं बोट, क्वचित अनामिका. अंगठा पट्टीला लागायचाच नाही. तो बाजूला, हवेत, जरा वाकलेला.

साठी उलटल्यावर शिकायला बसले तर सरांचं पहिलंच वाक्य, "काकू, अंगठा खालून न्या."

आमचं महिला मंडळ काळी चारमध्ये गातं. बिलावलाचे स्वर घेतले तर सा आणि रे काळ्या पट्ट्यांवर, तर्जनी आणि मधल्या बोटाने. गंधार पांढरी एकवर; तिथे मधल्या बोटाखालून अंगठा सरकवायचा. मध्यम, पंचम पुन्हा काळ्यांवर. धैवताला परत अंगठा, निषादाला तर्जनी, वरच्या सा ला मधलं बोट. तेही मनगट न उडवता. माझा अंगठा गंधारापाशी येतो आणि आबांच्या अंगठ्यासारखा बाहेरच थांबतो.

सरांनीच एका ग्रंथाबद्दल सांगितलं. योहान सेबास्टियन बाखच्या मुलाने, कार्ल फिलिप इमॅन्युएलने, 1753 साली कीबोर्डवादनावर लिहिलेला. त्यात वडिलांनी सांगितलेली एक गोष्ट आहे: त्यांच्या तरुणपणी मोठमोठे वादकही लांबचा स्वर गाठायचा असेल तरच अंगठा वापरत. पुढे संगीत बदललं, अवघड स्वरपट्ट्यांतून फिरू लागलं, तेव्हा थोरल्या बाखने अंगठ्याला कामाला लावलं. हे ऐकून मला आबांसाठी एकदम भरून आलं.

पेटीचा सूर बोट उचललं की तुटतो. आबा अख्खा हात उचलून पुढे न्यायचे तेव्हा फट पडतच असणार. पण ती कुणाला ऐकू येत नसे, कारण तोवर टाळकऱ्यांनी चरण उचललेला असे. त्यांची बोटं तेवढ्या गळ्यांच्या भरवशावर चालत होती आणि त्या देवळात ती पुरेपूर होती. मी महाडच्या खोलीत एकटी वाजवते. माझी फट भरायला कोणी नाही, म्हणून मला अंगठा हवा. संगीत नाटकातल्या ऑर्गनला भाता पायाशी, दोन्ही हात मोकळे. आमचा डावा हात भात्यातच अडकलेला. जे करायचं ते पाच बोटांत.

एक राग मात्र अजून गेलेला नाही. पेटी शिकवली भावांना. मुलीने देवळात पेटीपुढे बसायचं नसतं, एवढंच उत्तर मला मिळालं. बोटं सहज वळतात ती वर्षं खांबाला टेकून गेली. भाऊ मुंबईला गेले, तिथेच राहिले, आणि पेटी माझ्याकडे आली ती कुणाला नको होती म्हणून. आज वाडीत भजनाला टाळ आहेत, पखवाज आहे, पेटीवाला बाहेरून आणावा लागतो.

पोलादपूरकडच्या भजनी मंडळींना हात जोडून सांगते: देवळातली पेटी कापडात बांधून ठेवू नका. वाडीत आठवी-नववीतल्या मुली आहेत. पेटी त्यांच्यापुढे उघडा, आणि पहिल्या दिवसापासून अंगठ्यासकट शिकवा.