आधी द्रुत ऐका

टर्नटेबल कोणतं घेऊ, असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, घरात रेकॉर्डी कोणत्या आहेत? आजोबांनी जपलेल्या नाट्यपदांच्या ७८च्या तबकड्या असतील तर एक यंत्र लागतं, वडिलांनी जमवलेल्या ख्यालाच्या एलपी असतील तर दुसरं चालून जातं. ७८च्या सुईचं टोक एलपीच्या सुईपेक्षा जवळजवळ चौपट जाड असतं. एलपीची बारीक सुई त्या रुंद खाचेत ठेवली की ती तळाशी लोळते आणि गाण्याऐवजी सत्तर वर्षांची धूळ ऐकवते.

नुसत्या एलपी आणि ईपी असतील तर ऑडिओ-टेक्निकाचं एलपी ६० एक्स पुरतं. बटण दाबलं की आर्म आपला आपण जातो आणि येतो. मात्र सुईचं वजन कारखान्यातच ठरलेलं, कार्ट्रिज बदलता येत नाही आणि ७८चा वेग नाही. थोडं थांबून एलपी १२० एक्स घेतलं तर तिन्ही वेग मिळतात, वजन आपल्या हातात राहतं आणि ७८साठीची जाड सुई वेगळी घेऊन त्याच कार्ट्रिजवर चढवता येते. सुटकेससारखी दिसणारी रंगीत यंत्रं मात्र मी कुणाला सुचवत नाही. त्यांतली बरीचशी पाच-सहा ग्रॅमचा भार रेकॉर्डवर टाकतात.

मामा-काकांनी अमेरिकेतून पाठवलेलं जुनं यंत्र माळ्यावर असतंच कुणाकडे तरी. ट्रान्सफॉर्मर लावून ११० व्होल्टची सोय होते, पण तिथली वीज ६० हर्ट्झची, आपली ५०ची, आणि त्या काळच्या पुष्कळ मोटरी विजेच्या याच ठेक्यावर फिरतात. तेहतीसची एलपी मग अठ्ठावीसच्याही खाली फिरते आणि काळी एकचा षड्ज उतरून काळी पाचवर बसतो. गायक दमल्यासारखा वाटतो आणि घरचे म्हणतात, वय झालं असेल तेव्हा त्यांचं! वेग तपासायला रेघांची छापील चकती मिळते. ट्यूबलाइटखाली तिच्या रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर. आपल्याकडे तेहतीससाठी १८० रेघांचीच चकती हवी, २१६ रेघांची अमेरिकेची. चांगल्या एलईडीखाली हा खेळ चालत नाही, तिचा प्रकाश पुरेसा लुकलुकत नाही.

यंत्र सपाट ठेवायचं, स्पीकरच्या फळीवर मुळीच नाही. कडप्प्याचा एखादा तुकडा खाली असला तर उत्तम. मग आर्मच्या मागचं वजन पुढंमागं फिरवून आर्म अधांतरी तरंगवायचा, तिथं आकड्याची चकती शून्यावर आणायची आणि पुन्हा वजन फिरवून कार्ट्रिजला हवे तितके ग्रॅम द्यायचे. १२०वर येणाऱ्या कार्ट्रिजला दोन ग्रॅम लागतात. रेकॉर्डची दया येऊन लोक दीडवर आणतात. हलकी सुई खाचेत नीट बसत नाही, ती भिंतींवर आपटत जाते आणि जास्त नुकसान करते.

खरी मेहनत पुढं आहे. रेकॉर्ड कोरणारी सुई सरळ रेषेत आत सरकलेली असते, आपला आर्म कमानीत फिरतो. त्यामुळे सुईचा कोन सगळ्या बाजूभर मिळून दोनच ठिकाणी तंतोतंत जुळतो. ही ठिकाणं कुठं असावीत, हे हेडशेलमधले दोन स्क्रू सैल करून कार्ट्रिज पुढंमागं सरकवून आपण ठरवतो. नेहमीच्या आखणीत ती मधल्या खुंटीपासून ६६ आणि १२१ मिलिमीटरवर येतात.

ख्याल ऐकणाऱ्यानं इथं जरा वेगळा विचार करावा असं माझं मत आहे. एलपीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच सरकते. अगदी आत, लेबलाजवळ, २१च सेंटिमीटर. तेवढ्याच वेळाचं गाणं निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं असतं. आणि आपली बैठक पाहा. ऐसपैस जागा मिळते विलंबिताला. द्रुत बंदिश, ताना, तराणा, तबलजीचा चढलेला हात हे सगळं शेवटी, म्हणजे नेमकं त्या अरुंद गल्लीत. म्हणून मी आतला बिंदू साठ मिलिमीटरवर आणणारी स्टीव्हन्सनची आखणी वापरतो. रेकॉर्डच्या मध्यावर ती किंचित तोट्याची आहे, हे खरं. पण मध्यावर आलाप चाललेला असतो, तो निभावून नेतो.

म्हणून जुळवणी झाली की बाजूच्या सुरुवातीला सुई टाकू नका. शेवटच्या तीन-चार मिनिटांवर टाका. ‘स’ आणि ‘श’ फसफसत असतील, तान पिंजल्यासारखी वाटत असेल, तर पुन्हा स्क्रू.

बाकीचं थोडक्यात. फोनोचा प्रीअँप एकाच ठिकाणी चालू ठेवा, यंत्रात किंवा अँप्लिफायरमध्ये. दोन्हीकडे असेल तर आवाज फाटतो, कुठंच नसेल तर गाणं किरटं आणि मंद्राविना. ७८ ऐकताना अँप्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर दाबा, खरखर बरीच कमी होते. आणि त्या तबकड्या स्पिरिटनं कधी पुसू नका. त्या लाखेच्या असतात, लाख स्पिरिटमध्ये विरघळते.

पैसे उरले तर ते केबलीवर घालवू नका, जादा सुई घेऊन ठेवा. १२०वरची सुई तीनशे तासांची. रोज तासभर ऐकणाऱ्या घरात ती दहा महिन्यांत संपते, आणि संपल्याचं सगळ्यात आधी कळतं ते द्रुतातच. नवी सुई बसवली की मी तारीख कालनिर्णयावर लिहितो, दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी.